पत्रादेवी ते पोळे: मदतनिधी सायकलफेरीतलं मेकॅनिकचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीहून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत तीन दिवसांची सायकलफेरी आहे. डायलिसिसवरच्या गरजू रुग्णांसाठी निधी जमवायचाय. सायकलस्वार 35 च्या आसपास. आयोजकांनी एक पिकअप दिलीय आणि मेकॅनिक म्हणून तुमचं नाव घातलंय. दुकानात तुम्ही रोज सायकली दुरुस्त करता, पण रस्त्यावर हे काम कधी केलेलं नाही. सामान काय न्यायचं, एकट्याला जमेल का, आणि एखादी सायकल जागेवर सुरूच झाली नाही तर काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. दुकानात गिऱ्हाईक सायकल ठेवून जातं आणि तुम्ही ती सावकाश, पूर्ण नीट करता. रस्त्यावर सायकलवाला उन्हात शेजारी उभा असतो आणि त्याचा गट पुढे गेलेला असतो. तिथे सायकल बघितल्याबरोबर तिची वाट ठरवायची. दहा मिनिटांत नीट होईल. किंवा नीट होणार नाही, पण संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत सुखरूप जाईल इतकी करता येईल. नाहीतर ती गाडीत चढेल. पहिल्या दोन मिनिटांत हा निर्णय झाला पाहिजे. एका सायकलीपाशी अर्धा तास अडकलात की पुढचे लोक तुमच्यापासून दहा किलोमीटर लांब गेलेले असतात, आणि पुढचा माणूस नेमका तेव्हाच अडकतो.

यात एक रेघ पक्की आखा. ब्रेक, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हँडल आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) यांच्याबाबत ‘चालेल’ हा शब्द वापरायचा नाही. गिअर एकच पडतोय, चालेल. चाक जरा डुगडुगतंय, फ्रेमला लागत नाही ना, मग चालेल. पण ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकत असेल तर ती सायकल पुढे जाणार नाही. तुमचा हा शब्द अखेरचा राहील हे आयोजकांकडून आधी लिहून घ्या आणि सगळ्या सहभागी लोकांना कळवायला सांगा. या फेऱ्यांमध्ये येणारा माणूस शर्यतीतला नसतो. त्याने ऑफिसात, नात्यागोत्यात, वाड्यावर सांगून पैसे जमवलेले असतात की मी पोळ्यापर्यंत सायकलने जाणार. त्याला गाडीत बसायला सांगणं जिवावर येतं. तो विनवण्या करतो, क्वचित चिडतो. त्या वेळी नियम तुमचा नसून फेरीचा आहे, हे सांगता आलं पाहिजे.

म्हणून गाडीत दोन जादा सायकली ठेवायला लावा. एक मध्यम मापाची, एक लहान, दोन्हींना साधे पेडल आणि हाताने खालीवर होणारी सीट. या दोन सायकलींमुळे जितकी माणसं पोळ्याला पोचतात, तितकी तुमच्या सगळ्या हत्यारांनी मिळून पोचत नाहीत. सायकल बिघडली तरी त्याचा प्रवास थांबत नाही, तुमच्यावरचा दबाव उतरतो, आणि बिघडलेली सायकल संध्याकाळी शांतपणे हातात घेता येते.

आता तपासणी. ती आठवडाभर आधी घ्या. निघायच्या दिवशी सकाळी घेतलीत तर दोष सापडेल, पण पार्ट कुठून आणणार? फेरीच्या दिवसांत पार्ट मिळतील या भरवशावर राहू नका. पणजी, मडगाव, म्हापसा सोडलं तर चांगल्या गिअरच्या सायकलचं सामान मिळणं कठीण, आणि एखादं दुकान सापडलंच तरी दुपारी एक ते चार कुलूप असतं.

आपल्याकडच्या सायकलींचे दोष ठरलेले आहेत. किनारपट्टीच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत वर्षभर उभी असलेली सायकल वरून चकचकीत दिसते. खारी हवा आत काम करून गेलेली असते. केबल बाहेरून बरी, पण आवरणाच्या आत गंजलेली. लिव्हर दाबला की ब्रेक लागतो आणि सोडला तरी सुटत नाही. स्पोकची निपल, म्हणजे रिमकडची छोटी नट, जाम. सीटची दांडी फ्रेममध्ये चिकटून बसलेली. टायरच्या कडेला, रिमच्या अगदी वर, बारीक भेगा. या भेगा बघायला हवा पूर्ण काढून टायर अंगठ्याने चिमटावा लागतो. भरलेल्या टायरमध्ये त्या दिसत नाहीत आणि हायवेवर मात्र तिथूनच टायर फाटतो. अशा सायकलचे दोन्ही टायर, चारही केबल आणि ब्रेकचे रबर बदलून या, असं सरळ सांगा.

पुणे-बेळगावहून बसच्या डिकीतून सायकली येतात, त्यांची पाहणी आदल्या संध्याकाळी पत्रादेवीच्या मुक्कामावर पुन्हा करा. त्यांचा हमखास दोष म्हणजे वाकलेला हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती पट्टी. दुसरा दोष, डावं पेडल. त्याचे आटे उलटे असतात. घाईत उजव्यासारखं बसवलं की आटे कापले जातात आणि वीस किलोमीटरवर पेडल पायाला लागून हातात येतं. मग रस्त्यावर उपाय नसतो. पेडल सुरुवातीचे चार आटे बोटांनीच फिरवून बसायला हवं, त्यानंतर 15 मिलिमीटरचा पाना.

तपासताना प्रत्येक सायकलची एक ओळ वहीत लिहा: चाकाचं माप, व्हॉल्व्ह कोणता, मागे किती गिअर, ब्रेक रिमचे, केबल डिस्क की तेलाचे, ॲक्सल (चाकाचा आस) क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा) की थ्रू (आरपार स्क्रूचा). हँगरचा फोटो काढून ठेवा. कारण हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. ज्याची सायकल, त्याने स्वतःचा जादा हँगर आणायचा, ही अट घाला. ती वही म्हणजेच तुमची सामानाची यादी. मला लोक यादी मागतात तेव्हा मी हेच सांगतो, कारण दुसऱ्याची यादी घेऊन गेलात तर गाडी भरते आणि हवी ती एक वस्तू नेमकी नसते.

तरी अंदाज हवा म्हणून सांगतो. प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब स्वतःकडे ठेवायच्या. त्यावर गाडीत 700 च्या दहा आणि 26, 27.5, 29 च्या प्रत्येकी चार. 700 आणि 29 ची रिम एकाच व्यासाची, 622 मिलिमीटर. त्यामुळे जाडसर 700 ची ट्यूब अडीअडचणीला 29 मध्ये चालते. 26 ची ट्यूब ताणून 27.5 मध्येही बसते. व्हॉल्व्हच्या बाबतीत प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब, जास्त घ्या. बारीक प्रेस्टा मोठ्या भोकात वॉशर घालून बसतो, पण मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह प्रेस्टाच्या भोकात शिरत नाही. चेनच्या जोडकड्या 8, 9, 10, 11 आणि 12 गिअरच्या वेगवेगळ्या घ्या, त्या अदलाबदल होत नाहीत. 10 आणि त्यापुढच्या बहुतेक कड्या एकदा काढल्या की पुन्हा वापरायच्या नाहीत. गिअर आणि ब्रेकच्या केबल, आवरणाचा एक तुकडा, वहीतल्या मापांचे डिस्क पॅड, रिम ब्रेकचे रबर, दोन टायर, थोडे सुटे बोल्ट, झिप टाय, चिकटपट्टी, जुन्या बनियनच्या भरपूर चिंध्या. मोठा उभा पंप एक नको, दोन घ्या. सकाळी निघताना 35 माणसांना एकाच वेळी हवा भरायची असते.

हत्यारं तुमच्याकडे असतीलच. ॲलन की, टी-25 (ताऱ्याच्या आकाराची चावी), चेन तोडायचं यंत्र, स्पोकची चावी, कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) काढायची चावी आणि तिचा चेनचा पट्टा, 15 चा पाना, केबल कटर. केबल कटर चांगला घ्या. पकडीने कापलेली केबल पिंजारते आणि आवरणात जात नाही. टॉर्क रेंच जरूर न्या. कार्बनच्या सायकली हल्ली या फेऱ्यांत असतात, आणि स्टेमवर साधारण 5 न्यूटन-मीटर लिहिलेलं असताना हाताच्या अंदाजाने आवळणं धोक्याचं आहे. सायकल टांगायला स्टँड नसेल तर पिकअपच्या वरच्या दांड्याला दोरी आणि दोन आकडे बांधा. सीट आणि हँडल अडकवलं की चाकं मोकळी फिरतात. तेलाचे ब्रेक असलेली सायकल उलटी उभी करू नका, काही ब्रेकमध्ये हवा नळीत उतरते आणि लिव्हर मऊ पडतो.

आता पंक्चर. तुमचं निम्म्याहून अधिक काम तेच असणार. ट्यूब बदलायची, पॅच संध्याकाळी लावायचा. पण ट्यूब बदलण्याआधीचं काम लोक सोडतात, आणि तीन किलोमीटरवर तीच सायकल पुन्हा बसलेली सापडते. हायवेवर ट्रकचे टायर फुटून त्यातल्या तारांचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. केसाएवढी जाड, जेमतेम पाच मिलिमीटर लांबीची तार. ती टायरमध्ये शिरते आणि डोळ्यांना दिसत नाही. बोटाने चाचपाल तर बोट कापून घ्याल आणि तार सापडेलच असं नाही. चिंधी घ्या, टायरच्या आतून सावकाश फिरवा. जिथे तार असेल तिथे सुताचा धागा अडकतो. मग टायर त्या जागी बाहेरून दाबून आतल्या बाजूला फुगवटा आणा, तारेचं टोक वर येतं, बारीक चिमट्याने ओढा. ट्यूबवरचं भोक आणि टायरवरची जागा जुळतेय का बघायला ट्यूबचा व्हॉल्व्ह टायरवरच्या नावापाशी धरायची सवय लावून घ्या, म्हणजे शोध वीतभर जागेत होतो. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काही शोधू नका. रिमची पट्टी सरकलेली असते. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर खड्ड्यात ट्यूब चिमटली, म्हणजे हवा कमी होती. 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरला साधारण 80 पीएसआय, वजनदार माणसाला थोडी जास्त, हे सकाळीच बघून सोडा. टायर कडेला फाटला असेल तर आतून जुन्या टायरचा किंवा जाड ट्यूबचा तुकडा लावून हवा थोडी कमी ठेवा आणि संध्याकाळी टायर बदला.

हँगर वाकला तर बरेचदा जागेवर सावरता येतो. डिरेलरच्या मुख्य बोल्टमध्ये 5 ची ॲलन की घालून, दुसऱ्या हाताने डिरेलर धरून, हळूहळू बाहेर ओढायचा. मागून बघत राहायचं, डिरेलरची पट्टी चाकाला समांतर आली की थांबायचं. ॲल्युमिनियम पुन्हापुन्हा वाकवलं की तुटतं, म्हणून एकदाच. आणि लगेच एल लिहिलेला स्क्रू आत घेऊन सगळ्यात मोठी चक्री बंद करून टाका. चढावर माणूस शेवटचा गिअर टाकतो आणि वाकडा डिरेलर सरळ स्पोकमध्ये शिरतो, त्यात चाकही जातं. हँगर तुटलाच आणि जादा नसेल तर चेन तोडून, छोटी करून, मधल्या चक्रीवर एकच गिअर करता येतो. सपाटीवर ठीक आहे. पुढे तिसऱ्या दिवशीचा करमल घाट असेल तर त्या माणसाला जादा सायकल द्या.

स्पोक बहुधा मागच्या चाकाचा, उजव्या बाजूचा तुटतो, कारण तिथे ताण जास्त असतो. तो बदलायला कॅसेट काढावी लागते. ते मुक्कामाचं काम. रस्त्यावर तुटलेला स्पोक काढा किंवा शेजारच्याला गुंडाळा. उजवा तुटला की रिम डावीकडे ओढली जाते, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंचे डावे स्पोक अर्धा अर्धा फेरा सैल करा. चाक फ्रेमला आणि ब्रेकला लागायचं थांबलं की पुरे. एकाच चाकाचे दोन स्पोक गेले तर मात्र चाकच बदला.

तेलाच्या डिस्क ब्रेकमध्ये रस्त्यावर तेल भरायच्या भानगडीत पडू नका. काहींत मिनरल तेल असतं, काहींत डॉट नावाचं ब्रेक-तेल, आणि एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतली रबरं खराब होतात. गाडीत चढवा. पॅड मात्र तिथल्या तिथे बदलता येतात. आणि मुक्कामावर एक नजर ठेवा. कोणीतरी प्रेमाने स्प्रे घेऊन चेनला तेल मारत सुटतं, ते तेल रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, उडतं आणि सकाळी ब्रेक लागत नाहीत. तेल लावायचं काम तुमच्याकडेच ठेवा. साखळी-होंडा या गावांच्या पट्ट्यात आणि सावर्डे-कुडचड्याकडे लाल धूळ भरपूर. ती तेलात मिसळली की चेन आणि चक्र्या घासून खाते. रोज संध्याकाळी आधी चिंधीने चेन कोरडी पुसायची, मग प्रत्येक कडीवर एक थेंब, पाच मिनिटं थांबून पुन्हा पुसायची. बाहेरून ओली दिसणारी चेन धूळ गोळा करते.

करमल घाटासाठी वेगळी तयारी ठेवा. तिसऱ्या दिवशी केप्याहून बाळ्ळीवरून वर चढाल तेव्हा माणसं थकलेली असतात, दोन दिवसांत केबल ताणलेल्या असतात, पॅड झिजलेले असतात. घाटात झाडी दाट, वळणं आंधळी, बस आणि ट्रक दोन्हीकडून. उतार सुरू होण्यापूर्वी रुंद जागा बघून तुम्ही स्वतः उभे राहा आणि प्रत्येक सायकल थांबवा. दोन्ही लिव्हर दाबून बघा, पुढचं चाक पायांत धरून हँडल हलतंय का बघा, दोन्ही ॲक्सल घट्ट आहेत का बघा. एका सायकलला अर्धं मिनिट लागतं. पॅडचा माल एक मिलिमीटरहून कमी दिसला तर तिथेच बदला. रिम ब्रेकवाल्यांना सांगा, ब्रेक सतत घासत उतरू नका, दाबा आणि सोडा. रिम तापली की ट्यूब फुटते, आणि ती वळणावरच फुटते. घाटात कोणी बिघाडाने थांबला तर तिथे काम करायचं नाही. सायकल उचलायची आणि खाली काणकोणच्या चावडी गावाच्या दिशेने मोकळी जागा मिळेल तिथे बघायची. बोरीच्या पुलासारख्या अरुंद जागांनाही हाच नियम.

एरवीही रस्त्याच्या कडेला बसताना पिकअप तुमच्या मागे, थोडं अंतर ठेवून, दिवे लुकलुकते ठेवून उभी करा आणि अंगात चमकणारं जाकीट असू द्या. कोणी पडला असेल तर आधी माणूस. 108 ला फोन, प्रथमोपचार वाला जवळ, सायकलला नंतर हात. पडलेली सायकल पुन्हा देताना फोर्क, हँडल, हँगर आणि दोन्ही चाकं बघितल्याशिवाय देऊ नका. हेल्मेटला मार बसला असेल तर ते हेल्मेट बाद.

एकट्याला जमेल का? शेवटच्या माणसामागे पिकअप चालवत राहायचं असेल तर नाही जमणार. पहिला आणि शेवटचा यांच्यात दुपारपर्यंत दीड-दोन तासांचा फरक पडतो. तुम्हाला मोटारसायकलवर एक जोडीदार हवा, पाठीवर ट्यूब, पंप, जोडकड्या, ॲलन की आणि केबल एवढंच घेऊन पुढेमागे फिरणारा. बहुतेक बिघाड तोच निपटतो, तुमच्यापर्यंत फक्त अवघड येतात. कॉलेजातला, हाताने चलाख मुलगा असला तरी चालेल, त्याला आठवडाभर दुकानात बसवून पंक्चर आणि चेन शिकवा. वाळपईच्या पुढे रानात फोनची रेंज जाते, म्हणून संदेशावर विसंबू नका. दर 20 किलोमीटरला एक ठरलेली जागा ठेवा, तिथे स्वयंसेवक वहीत खूण करेल आणि शेवटचा माणूस गेल्याशिवाय हलणार नाही.

पैशांचं आधीच ठरवा. मजुरी नाही, पार्ट खरेदीच्या भावाने, हिशेब संध्याकाळी. रस्त्यावर पाकीट काढायला लावू नका. आणि पार्टचा खर्च जमलेल्या निधीतून कधीही करू नका, लोकांनी तो रुग्णांसाठी दिलेला असतो. आयोजकांनी वेगळी रक्कम ठेवली तर उत्तम, नाहीतर ज्याचा पार्ट त्याचे पैसे. ज्याला परवडत नाही त्याचं बिल कोण भरणार, हे आयोजकांशी खाजगीत बोलून ठेवा, म्हणजे चारचौघांत कोणाला खाली बघावं लागणार नाही.

सायकल कितीही मळलेली, हयगय केलेली आली तरी त्यावरून बोलू नका. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर चालवतोय आणि अनोळखी आजाऱ्यासाठी चालवतोय. हात चालू असताना काय करताय ते सांगत राहा. एका दादांना पंक्चर दाखवलंत तर पुढच्या वेळी ते आपल्या गटातल्या दोघांचं काढतात.

पोळ्याला पोचल्यावर सगळे फोटोंत असतात आणि सायकली टेम्पोत कशाही रचल्या जातात. तिथे तुम्ही हवेत. सायकली डिरेलरची बाजू वर करून, मध्ये गोणपाट घालून रचा, डिस्कवाल्यांच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. आणि ज्या सायकलींना तुम्ही तात्पुरतं करून पुढे पाठवलंत, त्यांच्या हँडलला चिठ्ठी बांधा: काय केलंय, काय बदलायचं बाकी आहे, तोवर चालवायची की नाही.